दहा नंबरची फांदी

दिगंबर काळमेघांना त्या कडुनिंबाकडून नेमकं काय मिळणार होतं, ते त्यांनी झाडाला पहिली पट्टी बांधायच्या आधीच एका कागदावर मांडून ठेवलं होतं. दुपारची तीन तास वीस मिनिटं सावली, झोपायच्या खोलीत सहा अंशांचा उतार आणि वर्षाकाठी चौऱ्याहत्तर दिवसांची बायको.

बायको तशी एकच, इंदू, आणि लग्नाला बेचाळीस वर्षं झालेली. पण २०३८च्या मे महिन्यात अकोल्याच्या भाजीबाजारात तिला ऊन लागलं. चार दिवस अतिदक्षता विभागात काढून ती घरी आली तेव्हा शरीराची उष्णता सोसायची ताकद कायमची अधू झाली होती. "खोली बत्तीसच्या वर जाऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाले. अकोल्यात एप्रिल-मेमध्ये बत्तीस हा आकडा पहाटे साडेपाचलासुद्धा भेटत नाही, आणि दुपारी दोन ते पाच तर विजेच्या टंचाईपायी एसी लावायलाच बंदी. त्यामुळे एक एप्रिलला इंदू चिखलदऱ्याला बहिणीकडे जायची ती चौदा जूनला परतायची. मागे काळमेघ. एसटीच्या आगारात एकतीस वर्षं हिशेब तपासलेला हा माणूस खिचडीत मीठ घातलं की नाही हे मात्र विसरायचा, आणि खात्री म्हणून दुसऱ्यांदा घालायचा. चौऱ्याहत्तर दिवस खारट खिचडी खाल्लेल्या माणसाने झाडाकडे आशेने पाहिलं तर त्याला कोण नावं ठेवणार?

झाड होतं 'शीतल' सोसायटीच्या अंगणात. बारा फ्लॅट, तीन मजले. सोसायटीचं नाव ठेवणाऱ्याने अकोल्याचा उन्हाळा पाहिला नसावा. कडुनिंब गच्चीच्याही वर गेला होता आणि आपली सगळी सावली समोरच्या रिकाम्या प्लॉटवर टाकत होता. पश्चिमेच्या सहा फ्लॅटांच्या भिंती दुपारभर तव्यासारख्या तापायच्या. खाली नैर्ऋत्येला एकच जुनी फांदी होती, ती कोणाच्या कामाची नव्हती, असं सगळे म्हणत.

जानेवारी २०४१च्या सभेत सेक्रेटरी धोत्र्यांनी डॉक्टर रेवती उमाळे यांना बोलावलं. कृषी संशोधनातली ही बाई. वय पस्तीस, पायात धुळीचे बूट आणि समजावून सांगायची हौस दांडगी.

"झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संजीवक तयार होतं," ती म्हणाली. "ते खोडातून खाली निघतं. पण पाण्यासारखं घरंगळत नाही हं. एका पेशीतून दुसरीत जायला त्याला दार लागतं. हे दार म्हणजे एक प्रथिन. प्रत्येक पेशीत ते खालच्या अंगाला बसवलेलं असतं. किती दारं करायची ते जनुकं ठरवतात. आणि गंमत म्हणजे ज्या वाटेने ऑक्सिन जास्त जातं त्या वाटेवर दारं आणखी वाढतात. वाट रुळत जाते."

"मग बाजूचे डोळे, म्हणजे फांदी फुटायच्या त्या गाठी, फुटत का नाहीत?" काळमेघांनी विचारलं. त्यांनी वहीत दाराचं चित्र काढलं होतं.

"फुटायचं तर त्यांनाही आपलं ऑक्सिन खोडात ओतावं लागतं, काका. खोडातली वाट शेंड्याने आधीच भरून टाकलेली. ओतायला जागा नाही, म्हणून डोळा वर्षानुवर्षं झोपून राहतो."

"आपल्या गेटसारखंच की," धोत्रे म्हणाले. "सात नंबरची गाडी आडवी लागली की बाकीच्यांनी घरात बसायचं."

सात नंबर सोडून सगळे हसले.

उमाळेबाईंचा शोध होता दोन पट्ट्यांचा. लाल पट्टी शेंड्याच्या फांदीला गुंडाळायची. तिच्यातलं आरएनए सालीतून आत झिरपतं आणि चाळीस दिवस दारं करणाऱ्या जनुकाचा आवाज खाली आणतं. शेंड्याची वाट ओसरते. हिरवी पट्टी आपल्याला हव्या त्या डोळ्याला; तिथे दारं वाढतात, डोळा आपलं ऑक्सिन खोडात ओततो आणि तरारून उठतो. पट्ट्या बदलत राहिलं की दोन वर्षांत फांदी हवी तिथे. झाडाच्या गाभ्याला हात नाही, बी-बियाण्यात काही उतरत नाही.

"फक्त एक आहे," ती म्हणाली. "चारच डोळे. जास्त उठवले तर सगळे थोडेथोडे उठतील आणि झाडाचा खराटा होईल."

खिडक्या सहा, फांद्या चार. सभेत एकदम तुरीची शेंग फुटावी तसा आवाज झाला. तेवढ्यात चहा घेऊन आलेली इंदू दारातून म्हणाली, "पण ती खालची फांदी–"

"वहिनी, सभासदांनीच बोलायचं असं ठरलंय आपलं," धोत्रे अदबीने म्हणाले. फ्लॅट काळमेघांच्या नावावर होता. इंदूने कप मोजून ठेवले आणि ती गेली. त्या घाईत काय म्हणायचं होतं ते तिला कोणी विचारलं नाही, नवऱ्यानेही नाही.

तक्ता करायचं काम अर्थातच काळमेघांकडे आलं. महिनाभर त्यांनी सहाही खिडक्यांवर ऊन कधी येतं, कधी जातं ते घड्याळ लावून टिपलं. सगळ्यात जास्त ऊन असलेल्या चार खिडक्यांना फांद्या. त्यात तसूभर लबाडी नव्हती. दहा नंबर, म्हणजे ते स्वतः, चौथे आले ते आठ नंबरला नऊ मिनिटांनी मागे टाकून, आणि आठ नंबरवाल्याने स्वतः घड्याळ लावून ती नऊ मिनिटं तपासली तेव्हा ती साडेनऊ निघाली.

पट्ट्या बांधायच्या दिवशी उमाळेबाई गच्चीच्या कठड्यावरून वाकून खाली बघत होती. "काका, दहा नंबरची नवी फांदी आणि ती खालची जुनी, दोघी एकाच अंगाच्या आहेत. वरची जोरात आली की खालचीची वाट अडेल. हळूहळू वाळेल ती. तिच्याखाली कोणाची खिडकी येते?"

काळमेघांनी तक्ता उघडून पाहिला. "कोणाचीच नाही," ते म्हणाले.

आणि ते अगदी खरं होतं.

फांद्या काय आल्या! पहिल्याच पावसाळ्यात चार कोवळे, तांबूस फुटवे खोडातून असे बाहेर पडले की रस्त्यावरून जाणारे थांबून पाहू लागले. प्रत्येकाला फ्लॅट नंबरची चिठ्ठी टांगलेली. दर सोमवारी बाजूचे फुटवे खुडून फांदी सरळ ठेवावी लागे. ते काम सुभद्रा तायडेकडे सोपवलं गेलं, कारण शिडी धरायला तीच असायची आणि शिडीवर चढायलाही तीच. सुभद्रा सोसायटीचे जिने झाडायची, तिचा नवरा रामदास रात्रभर गेटवर पहारा करायचा, आणि दोघं अंगणाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पत्र्याच्या खोलीत राहायची. सुभद्राचा हात बघण्यासारखा होता. कुठला फुटवा ठेवायचा, कुठला काढायचा, हे ती बोटांनी चाचपून सांगायची आणि नखाने टचकन खुडायची. उमाळेबाईने एकदा तिच्या खुडण्याचा व्हिडिओ काढला आणि आपल्या विद्यार्थ्यांना दाखवला.

२०४२च्या उन्हाळ्यापर्यंत दहा नंबरची फांदी अकरा फूट झाली. तिचं टोक काळमेघांच्या खिडकीच्या खालच्या कडेला आलं. आणखी एक वर्ष, की झालंच. काळमेघ दर पंधरवड्याला बांबूला फूटपट्टी बांधून फांदी मोजायचे आणि आकडा चिखलदऱ्याला फोन करून सांगायचे.

"माझी तब्येत विचारायच्या आधी फांदीची सांगता," इंदू म्हणायची.

"एकच गोष्ट आहे ती," हे म्हणायचे. त्रेचाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात प्रेमळ वाक्य होतं, आणि तेही आकड्यांच्या ओघात.

त्याच उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. रामदास गेटवर पेंगू लागला. आठ वर्षं डोळ्यात तेल घालून उभा राहणारा माणूस, पण मे महिन्यात दोनदा खुर्चीत झोपलेला सापडला. धोत्र्यांनी त्याला समज दिली. हे सगळं इतिवृत्तात नोंदलं गेलं, आणि खालची जुनी फांदी त्याच महिन्यात पूर्ण वाळली हे कुठेच नोंदलं गेलं नाही.

मग दिवाळीनंतर दहा नंबरची फांदी थांबली.

काळमेघांनी आधी बांबूला दोष दिला, मग फूटपट्टीला. नोव्हेंबरात तेरा फूट दोन इंच. डिसेंबरात तेरा फूट दोन इंच. फेब्रुवारीतही तेच. बाकीच्या तिन्ही फांद्या मजेत वाढत होत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पारा बेचाळीसला गेला आणि काळमेघांनी उमाळेबाईला फोन केला तो तक्रार म्हणून कमी, विनवणी म्हणून जास्त.

ती दोन आठवड्यांनी आली. पट्ट्या तपासल्या, सालीचा नमुना छोट्या यंत्रात घातला. "वरचं सगळं ठीक आहे काका. दारं आहेत, ऑक्सिन तयार होतंय. पण ओतायला जागा मिळत नाही. खाली कोणीतरी वाट धरलीय." मग ती शिडी उतरता उतरता मध्येच थांबली. जुन्या वाळक्या फांदीच्या बुंध्याशी, दाट पानांत, एक फुटवा होता. अंगठ्याएवढा जाड, सात फूट लांब, कोपऱ्यातल्या पत्र्यावर ओणवलेला. त्याच्या मुळाशी वरच्या बाजूला सालीत एक आडवी खाच होती, भरून आलेली, जुनी.

उमाळेबाई शिडीवरच हसायला लागली. "काका, हे बघा! डोळ्याच्या बरोब्बर वर खाच मारलीय. वरून येणारा ऑक्सिनचा लोंढा तेवढ्यापुरता तुटला, खालच्या डोळ्याला मोकळी वाट मिळाली आणि तो उठला. मला ह्याला आरएनए लागलं, प्रयोगशाळा लागली, नऊ वर्षं लागली. ह्या माणसाने विळ्याच्या टोकाने केलं. कोण आहे हा?"

काळमेघ हसले नाहीत. हा कोण ते त्यांना कळलं होतं. ती खाली शिडी धरून उभी होती.

"सुभद्रा?"

"मीच केलं, साहेब." तिने शिडी सोडली नाही, वर बाई होती. "माह्या बापाची पेरूची बाग होती. डोया उठवाचा असला का बाप त्याच्या वर आडवी खाच मारे. आषाढात मारली मी."

"विचारायचं तरी."

"कोणाले विचारू? तुमच्या तक्त्यात आमची खिडकीच नाही. खोलीलेच खिडकी नाही, तं तक्त्यात कुठून येईन?"

उमाळेबाई खाली उतरली. तिने आधी पत्र्याच्या खोलीकडे पाहिलं, मग काळमेघांकडे. "मी त्या दिवशी खिडकी विचारली होती," ती हळू म्हणाली. "माणूस विचारायला हवं होतं."

"दोन्ही फांद्या नाही का होणार?" काळमेघांनी विचारलं.

"एवढ्यात नाही. त्या अंगाला खोडात एकच मोठी वाट आहे. खोड जाड झालं, नवी वाट रुळली, की कदाचित. चार-पाच वर्षं धरा. आत्ता एकच. खालचा फुटवा खुडला तर तुमची फांदी पंधरा दिवसांत चालायला लागेल, एप्रिलअखेर खिडकी झाकेल. तुम्ही ठरवा."

ती ठरवा म्हणाली आणि बसला उशीर होतो म्हणून गेली. शास्त्रज्ञांचं हे बरं असतं.

काळमेघ घरी आले आणि त्यांनी सगळं इंदूला सांगितलं. सांगताना आवाज चढत गेला. रीतसर सभा झाली, रीतसर तक्ता झाला, आणि एका विळ्याने सगळं पालथं केलं! "खुडायला दोन सेकंद लागतील," ते शेवटी म्हणाले.

इंदू मेथी निवडत होती. "मग खुडा की."

त्यांना ते अपेक्षित नव्हतं.

"खुडा," ती म्हणाली. "पण दुपारी दोनला जा. आणि खुडायच्या आधी पंधरा मिनिटं तिच्या खोलीत बसा. तुमचा तो थर्मामीटर घेऊन जा, त्याच्याशिवाय तुम्हाला काही खरं वाटत नाही."

"तू गेली होतीस?"

"मागच्या जूनमध्ये परत आले तेव्हा. पाच मिनिटं बसले, उठताना भिंत धरावी लागली मला." तिने मेथीची काडी तोडली. "त्या सभेत तेच सांगत होते. खालच्या फांदीखाली तायड्यांची खोली आहे म्हणून. तर धोत्रे भाऊजींना नियम आठवला."

काळमेघ दुसऱ्या दिवशी दोनला गेले. हातात थर्मामीटर होता, खिशात कात्री. सुभद्राने त्यांच्यासाठी डबा उलटा करून त्यावर पोतं टाकलं. आत अंधार, आणि अंधाराला धग. रामदास झोपला होता. पण कसा? खाट भिंतीला लागून नव्हती, खोलीच्या मध्येही नव्हती. तिरकी, विचित्र, कोपऱ्यापासून दाराकडे जाणारी. माणूस एका कुशीवर, हात अंगाशी आवळून झोपलेला. काळमेघांना आधी उलगडेना. मग त्यांनी पत्र्यावर हात धरून पाहिला. वर त्या फुटव्याची सावली जेवढी पडली होती, बरोब्बर तेवढ्याच पट्ट्याखाली खाट होती.

"ऊन सरकलं का मी खाट सरकवतो," सुभद्रा कुजबुजली. "त्याइले जाग येत नाही. सवय झाली."

काळमेघांनी थर्मामीटर रिकाम्या कोपऱ्यात ठेवला. सात मिनिटं थांबले. चव्वेचाळीस. मग रामदासच्या उशाशी ठेवला. सात मिनिटं. अडतीस.

सहा अंश. त्यांच्या कागदावर इंदूसाठी मांडलेले तेच सहा अंश. कालपासून ज्यांना ते चोरी समजत होते ते इथे एका माणसाच्या उशाशी होते, आणि त्याच्या जिवावर रात्री बारा घरं दारं लोटून निर्धास्त झोपत होती.

"पाणी देऊ, साहेब? गार नाही पण."

"दे," ते म्हणाले आणि दोन पेले प्यायले. उठताना त्यांनाही भिंत धरावी लागली. कात्री खिशातच राहिली. पुढे तिचा उपयोग इंदूने कोथिंबिरीला केला.

घरी इंदूची बॅग पलंगावर उघडी होती. मार्चची तेवीस तारीख.

"अजून नऊ दिवस आहेत," काळमेघ म्हणाले.

"म्हणून तर आत्ता भरतेय. तुम्ही खुडणार नाही हे तुम्हाला काल कळलं नव्हतं. मला कळलं होतं."

"मी कात्री घेऊन गेलो होतो."

"नेली होतीत. थर्मामीटरही नेला होतात." तिने स्वेटरची घडी केली. "चार-पाच वर्षांत दोन्ही फांद्या होतील म्हणाली ना ती पोरगी? तोवर मला चिखलदऱ्याची हवा काही वाईट नाही. खिचडीत मीठ एकदाच घाला म्हणजे झालं."

चव्वेचाळीस वर्षांत काळमेघांनी बायकोचं कौतुक करायची एकही संधी घेतली नव्हती. ही घेतली असं म्हणता येणार नाही, पण त्यांनी स्वेटर तिच्या हातातून घेतला आणि स्वतः बॅगेत ठेवला. उलटा ठेवला. तिने नंतर काढून सरळ केला.

महिनाअखेरीच्या सभेत धोत्र्यांनी दोन विषय घेतले: रामदास तायडेविरुद्धची मागच्या उन्हाळ्यातली पेंगण्याची तक्रार, आणि दहा नंबरच्या फांदीला अडथळा आणणारा बेकायदा फुटवा. काळमेघ उभे राहिले.

"दोन विषय नाहीत, एकच आहे," ते म्हणाले आणि त्यांनी नवा तक्ता वाचला. सहा ओळींच्या खाली सातवी ओळ होती. दुपारी दोनचं तापमान, दोन कोपऱ्यांतलं. वाळलेल्या फांदीची तारीख आणि तिच्यासमोर रामदासच्या पेंगण्याच्या तारखा. एकतीस वर्षं आगारात कुठल्या गाडीचं डिझेल कुठे मुरलं ते शोधलेला माणूस; त्याने अशा ओळीने तारखा वाचल्या की सभेला चहाही आठवला नाही.

"पण काळमेघ, त्या खोलीला खिडकी नाही," धोत्रे म्हणाले. "तक्ता खिडक्यांचा आहे."

"खिडकी नाही, पण झोप आहे. तक्ता झोपेचा करा. आणि तुमची फांदी जाते आहे का, धोत्रे? माझी जाते आहे. मी हरकत घेत नाही."

आठ नंबरवाला, ज्याला साडेनऊ मिनिटांनी फांदी मिळाली नव्हती, सगळ्यात आधी हात वर करणारा तोच. त्याला न्यायाचा आनंद जास्त होता की दहा नंबरलाही काही मिळालं नाही याचा, हे त्याचं त्यालाच माहीत. तरी मत ते मत. रामदासविरुद्धची तक्रार मागे पडली, फुटव्याला पाचवी चिठ्ठी लागली, आणि उमाळेबाईने पुढच्या आठवड्यात येऊन सुभद्राला विचारलं की ती आपल्या विद्यार्थ्यांना खाच मारायला शिकवील का.

"शिकवीन," सुभद्रा म्हणाली. "पण शिडी त्याइनंच धराची."

एक एप्रिलला सकाळी सव्वासातच्या गाडीने इंदू चिखलदऱ्याला गेली. काळमेघ स्टँडवरून परतले तेव्हा अंगणात ऊन उतरायचं होतं. पाचव्या चिठ्ठीच्या फुटव्याला नवी तांबूस पालवी आली होती. वर दहा नंबरची फांदी तेरा फूट दोन इंचांवर शांत उभी होती, कोणाचीही तक्रार नसल्यासारखी.

घरी येऊन त्यांनी तक्ता काढला. सवयीप्रमाणे खाली गोळाबेरीज लिहायला घेतली. कोणाला काय मिळालं: रामदास तायडे, सहा अंश, दिवसा सात तासांची झोप. कोणी दिलं, या रकान्यात त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं. दि. ना. काळमेघ, दहा नंबर. मग नेहमीप्रमाणे लिहिलेलं पुन्हा तपासलं. बॅग कोणी भरली? घर कोणी सोडलं? परक्या घरी पाहुणी म्हणून चौऱ्याहत्तर दिवस कोण राहणार? त्यांनी आपल्या नावावर सरळ रेघ ओढली, बाजूला आद्याक्षरं टाकली, आणि खाली सावकाश लिहिलं:

इंदू दिगंबर काळमेघ. दिवस चौऱ्याहत्तर. शेरा: सभासद नाही.